सारवण

रास अल खैमा. पहाटेचे पावणेपाच.
डायलिसिसच्या हॉलमध्ये नऊ खुर्च्या, नऊ यंत्रं,
आणि एसीच्या गारठ्यात नऊ गुडघ्यांवर
हॉस्पिटलच्या पिवळ्या चादरी.

चौथ्या खुर्चीत होडेकर, अलीमियां, गाव दाभोळ.
एकोणतीस वर्षं इथल्या खाडीत
गलबतांची पोटं खरवडली.
मला सिस्टर म्हणत नाही, मिरजवाली म्हणतो.
मीही काका वगैरे म्हणत नाही,
फाइलीवर आहे ते पूर्ण नाव घेते, मोठ्याने,
डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं.

मनगटातली पहिली शीर सोळा महिने टिकली.
दुसरी, कोपरापाशी, एका उन्हाळ्यात
गुठळी धरून बसली.
सकाळी बोटं ठेवली तर खाली
कुणीच नव्हतं.

मग डॉक्टरांनी ट्रेमध्ये आणून दाखवली ती नळी.
पांढरी, मऊ, करंगळीहून बारीक.
"आतून औषधाचा लेप आहे," मी मराठीत सांगितलं,
"रक्त चिकटत नाही. म्हणजे, लवकर चिकटत नाही."
"लेप कशाचा?"

हे तो विचारणार, मला ठाऊक होतं.
संमतीच्या कागदावर तो शब्द
अरबीत होता, इंग्रजीत होता,
सातव्या ओळीत, बारीक टायपात.
माझ्या जिभेवर आला नि थबकला.
मी मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली,
मला त्या शब्दाचं काही नाही.
म्हणूनच थबकला.
"डुकराच्या आतड्यातून काढतात," मी म्हटलं.
"खूप धुऊन, खूप गाळून. पण तिथूनच."

होडेकर नळीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
लाकडाला खालून शिंपले धरतात, मिरजवाली.
एवढे धारदार, की तळहात फाडतात.
गलबत जड होतं, वारा असून चालत नाही.
आम्ही चरबीत चुना मळायचो, हातांनी,
ओहोटीला फासायला घ्यायचो,
भरती घोट्याला लागायच्या आत संपवायचं.
चरबी बकऱ्याची, उंटाची, मिळेल ती.
मग सहा महिने पाणी नुसतं निसटून जायचं.

एवढंच बोलला. हो म्हणाला नाही.

दुपारी दापोलीला फोन लावला,
मामेभाऊ तिथे मदरशात शिकवतो.
पडद्याआड मी ब्लडप्रेशरचे आकडे उतरवत होते,
ऐकत नव्हते. ऐकत होते.
बराच वेळ पलीकडूनच बोलणं चाललं.
शेवटी हा म्हणाला, "जीव आधी. बरं.
पण मी विचारलं होतं, एवढं ध्यानात ठेव."
भावाला म्हणाला की आणखी कुणाला,
मला कळलं नाही.

सही स्वतः केली. 'डे'वर वेळ लागला.

आता कातडीखाली ती नळी
कोपराकडून निघते, वळसा घेते, परत फिरते.
वर बोटं ठेवली की थरथर लागते,
मांजर मांडीवर निजल्यासारखी.
मी रोज तपासते, रोज लिहिते: थरथर आहे.
आज त्याने स्टेथोस्कोप मागितला.
कानांना लावला, डोळे मिटले,
शेजारच्या खुर्चीतल्या नेपाळ्याला हाताने गप्प केलं.
"यानमार," म्हणाला.
"दोन सिलिंडर. इंजेक्टर साफ आहे."

सुया लावल्या. रक्त बाहेर निघालं,
फिरून आलं. कुठेतरी बांग झाली.

ड्युटी संपल्यावर, चेंजिंग रूममध्ये,
एक बूट पायात, एक हातात,
मी तोच स्टेथोस्कोप माझ्या मनगटावर टेकवला.
काही ऐकू आलं नाही.
आत सगळं नीट सारवलेलं,
रोज, त्रेचाळीस वर्षं,
आणि मी एकदाही विचारलं नव्हतं,
कशाने.