पांढरी पार्श्वभूमी

पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर.
मागे पांढरं. ओठ मिटलेले. डोळे उघडे, कॅमेऱ्याकडे.
दात दिसता कामा नयेत, मी वाचून दाखवलं,
आणि ज्याला दातच नव्हते तो चार महिन्यांचा गृहस्थ
तोंड भरून हसला.
पहिला फोटो वाया.

मांद्र्याला जुनसवाड्यावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, विजेची बिलं.
किनाऱ्यावरचे शॅक उतरवले, बांबू मोजून रचले,
की गिऱ्हाईक म्हणजे वाड्यावरचेच,
आणि हंगाम संपूनही
ज्यांना परतीचं गाव उरलं नाही असे थोडे.

ओलेस्याच्या पासपोर्टाची मुदत संपलेली.
दिल्लीहून शिक्का मारून आला: आणखी पाच वर्षं,
तारीख हाताने, निळ्या शाईत.
पोराचं मात्र काहीच नव्हतं.
जन्म म्हापशाचा, आझिलोतला,
आणि दाखल्यावर तिमोफीचा तिमोथी झालेला.
ती एक अक्षर सुधारायला
पाच वेळा गेली बसने, पोराला पोटाशी बांधून.

बोलावणारं घर होतं.
ब्रिटनमधल्या कुठल्याशा गावी एका निवृत्त शिक्षिकेनं
जिन्याशेजारची खोली रिकामी केली होती,
पाळण्याचा फोटो पाठवला होता, भिंतीवर पिवळी बदकं.
त्याचीही रंगीत प्रत काढली मी. अर्जाला जोडली.
पाळणा पुरावा म्हणून चालतो की नाही
कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कायमचा पत्ता, या रकान्याशी ती थांबली.
म्हणाली, इमारत आहे.
चौथा मजला नाही.
लिहू?
मी म्हटलं, लिही. इथं कोण जिना चढून बघणार आहे.
मग जीभ चावली.

त्याच दुपारी अश्व्याचा इनासियु आला,
बापाच्या जन्माची नोंद घेऊन, लिस्बनला चढवायची.
बाप जन्मला एकसष्टच्या आधी, मासे विकून मेला,
बेळगावपलीकडे गेला नाही,
आणि आता कागदावर पुर्तुगालचा निघाला.
तिघांना वाट मोकळी: इनासियु, बायको, पोरगी.
त्याच काचेवर पालथे घातले दोघांचे कागद,
तोच हिरवा उजेड सरकत गेला खालून.
मोडलेलं राज्य अजून माणसं जन्माला घालतंय,
आणि जे रात्रंदिवस मार खात उभं आहे
त्याला एका पोराचं नाव लिहायला सवड नाही.
हे मनातल्या मनात.
वर म्हटलं, चाळीस रुपये, सुटे द्या.

फोटोचं सांगायचं राहिलं.
दुकानातला पडदा खाऱ्या हवेनं पिवळा पडलेला.
घरून सासऱ्यांचं धोतर आणलं, धुतलेलं,
आणि नियम असा की फोटोत दुसरं माणूस नको,
हात नको, बोट नको.
मान तर त्याला धरवत नाही अजून.
तेव्हा ओलेस्या स्टुलावर बसली,
मी धोतर घातलं तिच्यावर, डोक्यापासून पायापर्यंत,
आणि धोतरावरून तिनं त्याला धरलं.
आई पांढरी झाली. पार्श्वभूमी झाली.
आतून काहीतरी गुणगुणत होती, कापड तोंडाशी हलत होतं.
क्लिक.

दोन महिन्यांनी परत आला अर्ज.
कारण: सावली दिसते.
खरंच होती. डाव्या काखेशी, चार बोटांची.
कंप्युटरवर ती पुसायला मला मिनिटसुद्धा लागलं नसतं,
पण फोटोत फेरफार नको, हाही नियमच.

आता तो बसतो. आपला आपण.
या खेपेला ती माझ्यामागे उभी राहिली, किल्ल्या वाजवत,
कुठल्या दाराच्या, विचारलं नाही.
फोटो स्वच्छ आला. सावली नाही, कोणीच नाही.
नवा अर्ज गेला सोमवारी.

जुन्या फोटोच्या आठ प्रती काढल्या होत्या, सहा लागल्या.
उरलेल्या दोन खणात आहेत, रबरबँड लावून.
शिक्षिकेचं पत्र येतं अधूनमधून:
पाळणा लहान पडेल आता, मोठा बघू का?
मी छापून देते. ओलेस्या वाचते.
उत्तर लिहायचं, म्हणते, उद्या.