काकवीचा वास

केसपेपरवर लिहिलंय:
वय अकरा दिवस, झटके, दूध ओढत नाही.
वासाचं कुणी लिहिलेलं नाही.

ती काउंटरवरून वाकून सांगते,
"मॅडम, दुपट्याला काकवीचा वास मारायलाय."
नागमणी गुर्रम, विडी घरकुल.
बोटांत सहा वर्षांचा तंबाखू मुरलेला,
त्यातूनही तिला तो कळला.
सासू म्हणाली होती, गोड वास, लक्ष्मी हाय की.

फिल्टर पेपरवरचा थेंब मी कापते,
तीन मिलिमीटर.
बाहेर सोलापूर, चव्वेचाळीस अंश;
आत गारवा, तोही यंत्रापुरता.
व्हॅलिन.
मग आयसोल्यूसिन, ल्यूसिन,
आणि रेघ चढतच जाते,
पडद्याच्या वरच्या काठाला टेकते.
चूक माझीच असावी म्हणून
नमुना पुन्हा लावते.
पुन्हा तेच.

अहवालात वासाला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिते: आईने आधी ओळखले.
सर ती ओळ खोडतील बहुधा.

वॉर्डात फोन लावते,
दूध थांबवा, आत्ताच्या आत्ता, मोठ्या डॉक्टरांना उठवा.

खाली जिन्याच्या पायरीवर
तिनं दुपट्याची घडी नाकाशी धरलीय,
अजून हुंगतेय,
वास गेला असेल तर म्हणून.