शब्दाला सव्वा रुपया

औषधं घरपोच देणाऱ्या कंपनीचं
गोपनीयता धोरण मराठीत करायला आलंय.
चार हजार दोनशे शब्द, मंगळवारपर्यंत.
कन्नमवार नगरात दुसऱ्या मजल्यावर
ओट्याशेजारी माझं टेबल,
कुकरच्या शिट्ट्या मोजत मी कायदा लिहिते.

पहिल्याच परिच्छेदात अडले.
आम्ही तुमची माहिती आमच्या भागीदारांना –
काय करतो?
'देतो' म्हणावं तर दिलेली वस्तू आपल्याकडे उरत नाही,
ही देऊनही त्यांच्याकडे उरतेच.
'विकतो' असं मुळात कुठे नाही.
'वाटतो' लिहिलं.
वाटतो, बारशाचे पेढे वाटावेत तसं.
वाटतो, पाट्यावर मिरची-खोबरं वाटावं तसं,
कोण कुठलं ओळखू येऊ नये इतकं बारीक.
दोन्ही अर्थ बसले. राहू दिला.

मग ते काय काय घेतात त्याची यादी.
चिठ्ठीचा फोटो, डॉक्टरांच्या अक्षरासकट.
रात्री किती वाजता शोधलंत.
शोधून जे मागवलं नाहीत, तेही.
या 'न मागवलेल्या'पाशी
माझा अर्धा तास गेला.

खाली कोपऱ्यावर लखमशीभाईंचं दुकान होतं.
अख्ख्या कॉलनीची दुखणी त्यांच्या डोक्यात.
नॅपकिनचा पुडा न सांगता काळ्या पिशवीत,
गुप्ते मास्तरांची झोपेची गोळी
वर्तमानपत्रात, वर दोरा दोनदा फिरवून.
उधारीच्या वहीत नुसतं 'मास्तर, २२'.
त्यांचं धोरण कुठे छापलेलं नव्हतं.

पण एकदा
हर्षलाने कसली गोळी नेली
हे ते तिच्या थोरल्या भावाला बोलून गेले.
काळजीपोटी, असं नंतर म्हणाले.
जूनमध्ये ती कॉलेजात दिसली नाही.
कुडाळला मामाकडे असते, असं कळलं.
कॉलनीने दुकान बदललं नाही.
मीही नाही.
तेव्हा जुनं ते सोनं
मला लिहिता येणार नाही,
आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत.

तुमची माहिती आम्ही राखतो.
राखतो, शेत राखावं तसं.
पण वाचताना दर वेळी
त्यातली राख आधी डोळ्यांत जायची.
खोडून 'जतन करतो' केलं.
किती काळ? 'आवश्यक असेल तोवर'.
कोणाला आवश्यक?
एजन्सीला विचारलं, या वाक्याला कर्ता कोण?
उत्तर आलं, कर्ता नको, असंच असू द्या.
खरंच की. मराठीत कर्त्यावाचून
केवढं काय काय चालून जातं.
घेतलं जातं. पाहिलं जातं. ठेवलं जातं.

पैसे अजून यायचेत,
तेवढ्यात आईची थायरॉईडची गोळी संपली.
लखमशीभाईंच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
अॅप उघडलं.
समोर माझंच मराठी, मुंगीएवढ्या अक्षरात.
बोटाने सरकवत 'वाटतो' शोधला.
तिथे कोणीतरी 'सामायिक करतो' करून ठेवलेलं.
खाली चौकोनात बरोबरची खूण,
मी हात लावायच्या आधीच.

'एवढं काय लिहिलंय गं?' आईने विचारलं.
म्हटलं, काही नाही, नेहमीचंच.
'मान्य आहे' हा शब्दही माझाच.
दाबला.

संध्याकाळी पुडा आला.
वर आईचं नाव, मजला, खोली,
औषधाचं नाव ठळक टायपात.
पोऱ्या जिन्यात उभा राहून ते मोठ्याने वाचत होता,
बरोबर दाराशी यावं म्हणून.
समोरच्या परांजपेबाई दार लावता लावता थांबल्या.
'थायरॉईड होय,' त्या म्हणाल्या,
'मला वाटलंच.'