नमुना क्रमांक नऊ

माझं काम फोडायचं.
सात दिवसांचा घन, अठ्ठावीस दिवसांचा घन,
यंत्राच्या जबड्यात ठेवायचा
आणि कितव्या टनाला तो हरला ते लिहायचं.
सव्वीस वर्षं मस्कतमध्ये हेच.
पूल, मॉल, मिनार,
सगळ्यांची धाकटी भावंडं माझ्या हातून गेली.

पण धरण पाडायचंय,
किती घट्ट आहे ते बघून ये,
असं कुणी पहिल्यांदाच सांगितलं.

रुस्ताकच्या मागे, डोंगरात,
फोनच्या रेघा एकेक करून विझतात तिथे
अल-मुहैदिर. तीस घरं. माना टाकलेल्या खजुरी.
वर वादीत आडवी पडलेली भिंत.
पाणी? छे.
भिंतीमागे पुरुषभर गाळ,
ताटाएवढ्या खपल्यांचा,
आणि त्याच्यावरून बकऱ्यांची मळलेली वाट.

खल्फान बिन सुवैद म्हणाले,
बांधलं तेव्हा बकरं कापलं आम्ही.
लोंढा अडेल, मुरेल, खालच्या फलजला लागेल.
चार वर्षं लागलाही.
मग डोंगराने पीठ दळून पाठवलं
आणि जमिनीचं तोंड बुजलं.

गावचं पाणी वाटायचं काम त्यांच्या घराण्याकडे.
रात्री घड्याळ नाही, तारा.
अमुक तारा त्या सुळक्यामागून वर आला
की जुवैनाच्या घराची पाळी संपली.
सुळका आहे. ताराही वेळेवर येतो.
जुवैनाच्या दाराला कुलूप,
मुलगा सोहारच्या बंदरात क्रेन चालवतो.

स्वातच्या नूरजमालने ड्रिल लावलं.
नऊ नळकांड्या काढल्या, धरणाच्या पोटातून.
आठ चांगल्या. फारच चांगल्या,
माझ्या हातचे नवे घनही एवढे तगत नाहीत.
नवव्यात, बोटभर आत, खजुराची बी.
कुणीतरी खाऊन थुंकली असेल ओल्या काँक्रीटमध्ये,
दुपारच्या सुट्टीत,
मुकादमाची पाठ वळल्यावर.
कोण असेल? बलुच, मलबारी,
की आमच्याच खाडीकडचा कुणी?
अहवालात लिहिलं: परका पदार्थ, एक.
बी खिशात घातली. ते लिहिलं नाही.

आमची नदी मे महिन्यातही वाहायची.
घाटावर अडवलेलं दुसऱ्याच खोऱ्यातलं पाणी
वीज करून झाली की आमच्याकडे सोडत.
रोज चारला पात्र फुगायचं.
आई काठावरून ओरडायची,
चारचं पाणी आलं, कपडे उचला!
ज्यांची गावं त्या पाण्याखाली होती
त्यांचा विषय आमच्या घरी कधी निघाला नाही.
आम्ही पोहत होतो.

भिंत पाडायला अकरा दिवस लागले.
मला वाटलं होतं, शेवटचा तुकडा पडला
की काहीतरी सुटेल.
काही सुटलं नाही.
धूळ उठली, बसली.
नूरजमालने चहा टाकला.
खल्फान त्या खिंडारातून पलीकडे गेले,
पुन्हा अलीकडे आले,
पुन्हा गेले,
सुताराने बसवलेलं नवं दार तपासावं तसे.
मग काठीने फलजच्या तोंडातला पाला काढत बसले.
कोरड्या पाटातला कोरडा पाला.
मला विचारायचं होतं, कशासाठी?
अरबी तेवढी येत होती. विचारलं नाही.

आठ महिन्यांनी, रुवीच्या पार्किंगमध्ये,
अनोळखी नंबरवरून एक आवाज आला, दोन मिनिटांचा.
बोलणं नाही. फक्त खळखळ,
किंवा सुळक्यावरचा वारा,
किंवा खराब माईक.
दोनदा ऐकला. काच वर करून तिसऱ्यांदा.
त्याची ताकद कितव्या टनाला मोजायची
मला ठाऊक नव्हतं.

घरी फोन लावला आणि तो वाजवला.
तिकडे रात्रीचे साडेअकरा.
आईला हल्ली दिवस-रात्र कळत नाही.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
चारचं पाणी सोडलं वाटतं.
तू काठावरनं बाजूला हो.