चार नंबर

फॉर्मवर जुनाच फोटो चालंल का, म्हणाला सर्जेराव.
चालंल, म्हटलं.
फोटोत मिशी काळी होती.

बैठकीत त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं.
"संघ तरणा करायचा", एवढंच ठरलं,
आणि सगळे माझ्याकडं बघाय लागले,
पेन माझ्या खिशात म्हणून.
एक सर्जेराव देऊन दोन पोरं,
एक एकोणीसचं, एक वीसचं.

तेरा हंगाम तो आमच्या गोलापुढं उभा,
उजव्या गुडघ्याला बायकोच्या लुगड्याची पट्टी.
भांडला असता तर बरं झालं असतं.
गंगावेशीत कट्ट्यावर त्यानं दोन पेले दूध सांगितलं,
धारेचं, फेसासकट,
पैसेही त्यानंच दिले.
"लांब कुठं चाललोय, सेक्रेटरी?
गल्ली तर ओलांडायची."

मग जानेवारीत, शाहू स्टेडियमवर, त्यांचा कॉर्नर.
आमचा नवा प्रणित बॉलकडं बघत उभा,
त्याच्या पाठीमागं त्यांचा गडी मोकळा.
आणि ओरडला कोण,
तर निळ्या जर्सीतला सर्जेराव:
"अरं मागं बघ की लेका! मागं!"

पोरगं वळलं. उडी मारली. बॉल बाहेर.

त्याच्याच पोरांनी त्याला शिव्या हासडल्या,
पब्लिक खो-खो हसलं,
आणि तो कंबरेवर हात ठेवून खाली बघत राहिला,
अंधारात शेजाऱ्याच्या दारात
चपला काढून बसलेल्या माणसागत.

मी वहीत लिहिलं, बासष्टावं मिनिट, गोल वाचला.
कुणी वाचवला, या रकान्यात
नियमानं प्रणितचंच नाव घालावं लागलं.