चार्ज देताना

मृणाल, ही किल्ली. अंबडच्या या खोलीत
बाहेर मे महिना असला तरी शाल ठेव.

लेबलांवर जाऊ नकोस.
‘कॅन्टीन’ लिहिलेली निळी वायर पगार विभागात जाते.
निकुंभांनी एका रात्रीपुरती ओढली होती,
नऊ वर्षं झाली.

लिंक गेली की आधी दिवा बघ,
मग क्लिप तुटलीय का, बोटाने चाचप.
पिंग त्यानंतर.
आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.
मी एकदा तीन बदलल्या, सगळं सुरू झालं,
कशामुळे, ते आजतागायत कळलेलं नाही.
त्या तिघींना आता कुणी हात लावत नाही.

मागच्या श्रावणात लाइट जाऊन आली
आणि सर्व्हर कुणालाच आत घेईना.
पासवर्ड बरोबर, वायर बरोबर,
पहाटेपर्यंत मी राउटरला शिव्या घातल्या.
शेवटी दिसलं: त्याचंच घड्याळ अकरा मिनिटं मागे,
म्हणून त्याच्या लेखी आपण सगळे खोटे.
रविवार कारंजावरच्या घड्याळवाल्याने
तीस रुपयांचा बटण सेल देताना विचारलं,
‘मनगटातलं की भिंतीवरचं?’
मला पटकन सांगता येईना.

बॅकअप रोज हिरवा दिसेल.
महिन्यातून एकदा उघडून बघ,
तोवर तो नुसता हिरवा आहे.

वही खालच्या खणात. शेवटच्या पानावर
त्या तीन बदलांची तारीख आहे, पुढे प्रश्नचिन्ह.
कारण सापडलं तर फोन कर.
रात्री दोनला केलास तरी चालेल,
तेव्हा जाग येतेच.