रंगवल्याशिवाय दिसत नाही

फैजपूर. रात्रीचे पावणेदोन.
होस्टेलच्या गच्चीवर फरशी अजून तापलेलीच.
बादलीभर पाणी मारलं, ते वाफ होऊन गेलं,
ओल्या सिमेंटचा वास तेवढा मागे राहिला.
उद्या बायोलॉजी. साडेनऊला पहिली घंटा.

मुमताज तडवी उशाला दप्तर घेऊन झोपलीय,
छातीवर जर्नल उघडं,
तिच्या श्वासाबरोबर मायटोकॉन्ड्रियाची आकृती
वरखाली होते.
बरोबरच आहे म्हणा. श्वासाचंच खातं ते.

मी मोबाईलच्या उजेडात घोकते:
प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज.
दहावीत यांचीच नावं
पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था होती.
लग्नात नाव बदललेल्या वर्गमैत्रिणींसारख्या
आता समोरून जातात,
मीच आधी हाक मारायची वाट बघत.

लॅबमधले भिरूडकाका आठवतात.
खिडकीत काचेचे पेले ओळीनं मांडून
प्रत्येकाच्या तोंडावर एकेक कांदा बसवायचे,
बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं.
चौथ्या दिवशी पांढरी मुळं लोंबायची.
"सकाळीच कापा पोरींनो, ऊन चढायच्या आत.
मग पेशी आळसावतात."
काका सातवी पास. हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे
मी शोधलं, सापडलं नाही,
पण दुपारच्या बॅचला खरंच काही दिसलं नव्हतं.

मुळाचं टोक, त्यावर कार्मिनचा थेंब,
स्पिरिटच्या दिव्यावर जराशी ऊब,
वरून पेन्सिलीच्या बुडानं टकटक.
आणि मग त्या लालसर धुक्यात
दोन बाजूंना ओढले जाणारे धागे.
मी श्वास रोखून बघत राहिले, मागची रांग ओरडेपर्यंत.
रंगवल्याशिवाय ते दिसत नाहीत, मॅडम म्हणाल्या.
असतात मात्र आधीपासून.

तसे तर बाबांच्या सदऱ्यावरचे डाग.
केळी कापायला जायचा सदरा वेगळा,
चीक वाळला की काळा, कुठल्याच साबणाला न जुमानणारा.
माझ्या नोट्सच्या सतराव्या पानावरही तो आहे,
सुट्टीत बांधावर बसून वाचत होते तेव्हाचा.
नेमकं तिथेच लिहिलंय:
केळीचं खोड हे खरं खोड नव्हे.
बाबांना वाचून दाखवलं
तर विळा न थांबवता म्हणाले,
"खरं खाली असतं. जमिनीत.
हे लिहायला कालेज लागतं का वं माय?"

दोन मार्कांना हे येईल.
केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही.
फोडीतले काळे ठिपके
म्हणजे व्हायच्या राहिलेल्या बिया.
लहानपणापासून किती गिळल्या असतील, न विचारता.

गुणसूत्र.
मराठीत काय शब्द केलाय कुणी.
गुण म्हणजे मार्क, गुण म्हणजे अंगचे,
आणि औषधाचा येतो तोही गुणच.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला,
वाण नाही पण गुण लागला,
असं आजूबाजूला सगळे म्हणतात.
परीक्षेत लिहिलं तर शून्य.
मुमताजशेजारी वर्षभर बसून
मला तिचं अक्षर लागलंय थोडं,
'क'ची शेपटी तशीच वळते आता.
हे कुठल्या धाग्यावर होतं?

सव्वातीन.
इंटरफेज वाचायचं राहिलंच होतं.
पेशीचं बहुतेक आयुष्य याच्यात जातं.
जुनी पुस्तकं याला विश्रांती म्हणायची,
कारण बाहेरून काहीच हलत नाही.
आत मात्र सगळं एकाचं दोन होत असतं,
एकेक अक्षर जुळवून, चुका खोडत.
मी पुस्तक मिटून आडवी झाले.
फरशी आता पाठीला सोसवते.

पहाटे मुमताजनंच हलवून उठवलं.
"केळीत किती गं?"
"तेहतीस."
"अन् आपल्यात?"
"सेहेचाळीस."
ती दात घासायची थांबली.
"म्हणजे तेराच जास्त?"

मी बोटांवर मोजून पाहिलं.
नखांत अजून लाल होतं.